न्यूमोनिया वाढतोय की उतरतोय, हे खाटेपाशीच कळायला हवे

एप्रिल-मे 2021 मध्ये महाराष्ट्रात आजारी माणसाची विचारपूस एका आकड्याने होऊ लागली होती. ताप किती, खोकला कसा आहे, जेवण जाते का, हे सगळे मागे पडले आणि ‘स्कोअर किती आला?’ हा एकच प्रश्न उरला. स्कोअर म्हणजे एचआरसीटीचा, पंचवीसपैकी. फुफ्फुसाचे पाच खंड, प्रत्येक खंड किती बिघडला त्यानुसार पाचपैकी गुण, आणि त्यांची बेरीज. आठ आला की घरात हायसे वाटायचे, अठरा आला की खाटेसाठी फोनाफोनी सुरू व्हायची. सीटी स्कॅनच्या केंद्रांबाहेर रांगा लागल्या होत्या. दर आवाक्याबाहेर गेल्यामुळे राज्य सरकारला सप्टेंबर 2020 मध्येच यंत्राच्या क्षमतेनुसार दोन ते तीन हजार रुपयांची कमाल मर्यादा घालावी लागली होती. त्या काळात स्कॅन काढलेल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. माणूस घाबरलेला होता, डॉक्टरही चाचपडत होते, आणि फुफ्फुसात काय चालले आहे हे दाखवणारी दुसरी कोणती सोय बहुतेकांच्या हाताशी नव्हती. पण अशी सोय अस्तित्वात होती. ती जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये होती, बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत होती. फक्त ती पोटावर फिरत होती, छातीवर नाही. फुफ्फुसाच्या सोनोग्राफीबद्दल मी बोलतो आहे. विषाणूजन्य न्यूमोनियाचे गांभीर्य जोखण्यासाठी ती तालुक्याच्या पातळीवर नेहमीच्या वापरात यावी, आणि त्यासाठी प्रशिक्षण व कायदा या दोन्ही बाजूंनी वाट करून द्यावी, असे माझे म्हणणे आहे.

3 मे 2021 ला ‘एम्स’चे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात सीटी काढू नका असे सांगताना, एक सीटी म्हणजे छातीचे तीन-चारशे एक्स-रे, असा हिशेब दिला. रेडिओलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने लगेच तो खोडून काढला. आजच्या कमी मात्रेच्या सीटीत पाच-दहा एक्स-रे इतकाच किरणोत्सर्ग होतो, असे तिचे म्हणणे होते. दोघांनी वेगवेगळी यंत्रे डोळ्यांपुढे ठेवली होती, त्यामुळे आकडेही वेगळे आले. त्यावर आठवडाभर चर्चा रंगली. मला मात्र त्या वादात खरा मुद्दा हरवल्यासारखा वाटतो. सीटीची मोठी अडचण किरणोत्सर्गाची नाही, ती तपासणी बहुधा एकदाच होते ही आहे. ऑक्सिजन लावलेल्या माणसाला वॉर्डातून स्ट्रेचरवर काढायचे, सिलिंडर सोबत घ्यायचे, यंत्रापर्यंत न्यायचे, परत आणायचे, मग ती खोली निर्जंतुक करायची. आणि पुष्कळ तालुक्यांत ते यंत्र दुसऱ्याच गावाला. एवढा खटाटोप रोज होत नाही. त्यामुळे तिसऱ्या दिवशी काढलेला फोटो आठव्या दिवशीच्या निर्णयाचा आधार बनतो. विषाणूजन्य न्यूमोनिया मात्र तिसऱ्या दिवशी थांबून राहत नाही. कोविडमध्ये अनेकांची तब्येत पहिल्या आठवड्याच्या अखेरीस अचानक ढासळली, हे आता सर्वांनाच ठाऊक आहे. धरणाची पातळी आठवड्यातून एकदा मोजून दरवाजे कधी उघडायचे ते ठरत नाही. पाणी चढते आहे की उतरते आहे, ते तासातासाला पाहावे लागते. फुफ्फुसाचेही तसेच आहे. आज गांभीर्य किती, याहून कालच्यापेक्षा ते वाढले की कमी झाले, हे उपचार करणाऱ्याला अधिक हवे असते.

फुफ्फुसाला सोनोग्राफीने पाहता येत नाही, असे वैद्यकीय पाठ्यपुस्तके अनेक वर्षे शिकवत आली, आणि त्यामागे सरळ भौतिकशास्त्र होते. ध्वनिलहरी मांसातून, द्रवातून जातात, पण हवेला भिडल्या की जवळजवळ सगळ्या परत फिरतात. निरोगी फुफ्फुस म्हणजे हवेने भरलेला स्पंज, मग पडद्यावर दिसणार काय? दिसते ते फुफ्फुसावरणाची चकचकीत आडवी रेष, श्वासागणिक इकडून तिकडे घसरणारी, आणि तिच्या खाली तिचेच ठरावीक अंतरावर उमटलेले आडवे प्रतिध्वनी. यांना ‘ए-रेषा’ म्हणतात. खरे तर हे चित्र नव्हेच, यंत्राची फसगत आहे. पण फुफ्फुस बिघडले की ही फसगत बदलते. हवेच्या कप्प्यांच्या भिंती सुजल्या, त्यांत पाणी साचू लागले, की फुफ्फुसावरणाच्या रेषेपासून थेट पडद्याच्या तळापर्यंत उभे पांढरे झोत उतरतात आणि ए-रेषा पुसल्या जातात. या ‘बी-रेषा’. दोन फासळ्यांमधल्या एका फटीत तीन किंवा जास्त बी-रेषा दिसल्या तर तो बिघाड मानतात. सूज वाढत गेली की त्या एकमेकींत मिसळतात आणि पडदा पांढरा होतो. हवा पुरती निघून गेली की फुफ्फुसाचा तो भाग यकृतासारखा घट्ट दिसू लागतो. म्हणजे जी हवा तपासणीच्या आड येते असे समजले गेले, तिचेच प्रमाण ही तपासणी मोजते. पॅरिसजवळच्या बुलोन्य येथील रुग्णालयात अतिदक्षता विभागात काम करणारे डॉ. दानिएल लिक्टेनश्टाइन यांनी 1990 च्या दशकात हे चिकाटीने मांडले. 2008 मध्ये त्यांनी तीव्र श्वसनविकाराच्या 260 रुग्णांवर आधारलेली ‘ब्लू’ पद्धत प्रसिद्ध केली. ठरावीक जागी प्रोब ठेवून ठरावीक क्रमाने पाहत गेल्यास नव्वद टक्क्यांच्या आसपास रुग्णांत धाप कशामुळे लागली ते बरोबर सांगता आले. 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशीही आल्या. तेव्हा ही कोविडच्या घाईत काढलेली क्लृप्ती नव्हे.

विषाणूजन्य न्यूमोनिया या तपासणीला विशेष सोयीचा ठरला, याचे कारण त्याच्या स्वभावात आहे. सोनोग्राफीला फुफ्फुसाच्या कडेला, फुफ्फुसावरणाला टेकलेला बिघाडच दिसतो. कोविडचा न्यूमोनिया बहुतांशी तिथेच होता, दोन्ही बाजूंना, कडेकडेने, पाठीकडच्या आणि खालच्या भागात जास्त, मध्ये मध्ये चांगली जागा सोडून ठिपक्याठिपक्यांनी पसरलेला. फुफ्फुसावरणाची रेष सरळ न राहता खडबडीत होते, तिच्या लगेच खाली छोटे घट्ट तुकडे दिसतात. हृदय कमकुवत झाल्याने फुफ्फुसात पाणी भरते तेव्हाही बी-रेषा येतात, पण त्या दोन्हीकडे सारख्या, खालून वर चढत गेलेल्या, आणि रेष गुळगुळीत. मार्च 2020 मध्ये इटलीत रुग्णालये भरून वाहू लागली तेव्हा रोमच्या जेमेल्ली रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’च्या श्वसनविकारविषयक नियतकालिकात लिहिले, की स्टेथोस्कोप कमी आणि सोनोग्राफी जास्त वापरा. पीपीई घातल्यावर कानाला स्टेथोस्कोप लावणेच दुरापास्त होते, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला प्रोब घेऊन एकच डॉक्टर आत गेला तर इतर कर्मचाऱ्यांचा संसर्गाचा धोका टळत होता. त्याच सुमारास इटलीतल्या दुसऱ्या एका गटाने छातीच्या चौदा जागा ठरवून प्रत्येकीला शून्य ते तीन गुण देण्याची पद्धत सुचवली. अतिदक्षता विभागांत त्याआधीपासून बारा जागांची, छत्तीसपैकी गुणांची पद्धत रुळलेली होती. प्रत्येक बाजूला पुढे, बगलेत आणि पाठीला, वर आणि खाली अशा सहा जागा. फक्त ए-रेषा किंवा एक-दोन बी-रेषा असतील तर शून्य, सुट्या-सुट्या बी-रेषा तीन किंवा जास्त झाल्या की एक, त्या मिसळल्या की दोन, फुफ्फुस घट्ट झाले की तीन.

या गुणांना खरेच काही अर्थ आहे का? तेल अवीवच्या वैद्यकीय केंद्रात 2020 मध्ये कोविडच्या ओळीने दाखल झालेल्या 120 रुग्णांची दाखल होतानाच अशी तपासणी झाली. अठराच्या वर गुण असलेल्यांमध्ये मृत्यूचे आणि व्हेंटिलेटर लागण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते. त्या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट मात्र पहिल्या तपासणीची नाही. ज्यांची प्रकृती नंतर बिघडली त्यांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा गुण वाढले होते, आणि ते मुख्यतः छातीच्या पुढच्या भागांमुळे वाढले होते. पाठीकडचा भाग आधीच गेलेला असतो. आजार पुढे सरकतो आहे याची वर्दी पुढचा भाग देतो. उताण्या झोपलेल्या माणसाच्या छातीवर पुढून प्रोब ठेवायला दोन मिनिटे पुरतात. हे ज्ञान वॉर्डात रोज सकाळी राउंडला वापरता येण्याजोगे आहे, आणि सीटीतून ते मिळणे अवघड, कारण रोज सीटी कोणीच काढणार नाही.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप असा की सोनोग्राफी आजार नेमका ओळखत नाही. बरोबर आहे. कोक्रेन या संस्थेने कोविडच्या निदानासाठी छातीच्या तपासण्यांचा आढावा घेतला. 2021 च्या त्या आढाव्यात सोनोग्राफीने कोविडचे सुमारे 86 टक्के रुग्ण पकडले, सीटीच्या जवळपास तितकेच. पण ज्यांना कोविड नव्हता त्यांना ‘नाही’ म्हणून सोडण्यात ती सपशेल मागे पडली. तिचे प्रमाण साधारण 55 टक्के, तर सीटीचे 80. पुढच्या वर्षीच्या सुधारित आढाव्यात ही दरी बरीच भरली, तरी मुद्दा उरतोच. बी-रेषांवर विषाणूचे नाव लिहिलेले नसते. डायलिसिसचा रुग्ण, हृदयाचा रुग्ण, फुफ्फुसात आधीच व्रण पडलेला रुग्ण, सगळ्यांच्या पडद्यावर पांढरे झोत दिसू शकतात. माझ्या मते हे आकडे सोनोग्राफीच्या विरोधात जात नाहीत, तिचे काम कोणते ते ठरवतात. नाव सांगण्यासाठी घशातल्या स्वॅबची चाचणी आहे, ती स्वस्त आहे. नाव कळल्यावर उरतो तो प्रश्न ‘किती?’ आणि ‘कुठे चाललाय?’ याचा. कोविडच्या काळात आपण सीटीला निदान आणि गांभीर्य या दोन्ही कामांना जुंपले आणि दोन प्रश्नांची गल्लत केली. सोनोग्राफीच्या बाबतीत ती गल्लत टाळायची असेल तर निदानासाठी तिचा वापर करू नये, हे तिच्या समर्थकांनीच आधी ठासून सांगायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: दोन हजार रुपयांचा ऑक्सिमीटर असताना लाखांचे यंत्र कशाला? वय, श्वासाचा वेग आणि ऑक्सिजनची पातळी, एवढ्यावर कोणाला दाखल करायचे हे बऱ्याच अंशी ठरते, आणि सोनोग्राफीचे गुण त्यात किती भर घालतात याबद्दलचे बहुतेक अभ्यास छोटे, एकेका रुग्णालयातले, निरीक्षणावर आधारलेले आहेत. कोणी बारा जागा पाहिल्या, कोणी चौदा, कोणी आठ, त्यामुळे धोक्याची रेषाही एक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जून 2020 च्या मार्गदर्शनात छातीच्या तपासण्यांची शिफारस केली तीही हातचे राखूनच. हे सगळे मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. एक, ऑक्सिमीटर परिणाम सांगतो, कारण सांगत नाही. रुग्णाची पातळी अचानक 88 वर आली तर न्यूमोनिया पसरला, की फुफ्फुसाभोवती हवा अडकली, की पाणी साचले, की हृदय थकले, हे चार वेगवेगळे प्रसंग आहेत आणि चारांवर चार वेगळे उपचार आहेत. प्रोब छातीवर ठेवला तर यांतले बरेचसे मिनिटांत वेगळे होतात. फुफ्फुसावरणाची रेष घसरायची थांबली, हे दिसायला रेडिओलॉजिस्टचा अहवाल लागत नाही. दोन, ऑक्सिमीटर सगळ्यांच्या बोटावर सारखा चालत नाही. अमेरिकेत डिसेंबर 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये छुपी ऑक्सिजनची कमतरता निसटण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळले. आपल्याकडच्या कातडीच्या रंगांचा विचार करता केवळ त्या एका आकड्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही. ऑक्सिमीटर काढून टाका असे कोणी म्हणत नाही. तो दारावरचा पहारेकरी आहे, तो राहिलाच पाहिजे.

तिसरा आक्षेप डॉक्टर मंडळींकडूनच येतो: ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते, तालुक्याच्या ठिकाणी असा हात कुठून आणायचा? पोटाच्या किंवा गर्भाच्या सोनोग्राफीच्या बाबतीत हे शंभर टक्के खरे आहे, तिथे वर्षे लागतात. फुफ्फुसाच्या गुणांकनात मात्र ओळखायच्या गोष्टी चारच. अतिदक्षता विभागांतल्या नवशिक्या डॉक्टरांवर अनेक देशांत मिळून झालेल्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता, की जाणकाराच्या देखरेखीखाली साधारण पंचवीस तपासण्या केल्या की शिकाऊ डॉक्टरचे गुण जाणकाराच्या गुणांशी जुळू लागतात. पंचवीस. साथीच्या दिवसांत हे काम एका आठवड्याचे आहे. आणि श्वसनाचा आजार जोखायला मोठी पदवीच लागते या समजाला सगळ्यात सणसणीत उत्तर महाराष्ट्रानेच दिलेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’मधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्या आरोग्यदूतांना आणि सुइणींना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले, औषध द्यायला शिकवले आणि बालमृत्यू घटल्याचे दाखवून दिले. तो अभ्यास 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. ज्यांना मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी सरकवत श्वास मोजण्याचे साधन तयार झाले. तिथे शिकलेल्यांच्या हाती पदवी नव्हती. इथे आपण एमबीबीएस झालेल्या, रोज छाती तपासणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याबद्दल बोलत आहोत. त्याला बी-रेषा ओळखता येणार नाही, असे म्हणणे जरा अतिच होते.

लहान मुलांचा उल्लेख आला म्हणून सांगतो, त्यांच्या बाबतीत तर ही तपासणी मोठ्यांपेक्षा सोपी पडते. मुलांची छाती पातळ, फुफ्फुस लहान, प्रोबला सगळे जवळ. 2015 मधल्या एका एकत्रित विश्लेषणात मुलांच्या न्यूमोनियात सोनोग्राफीने 96 टक्के रुग्ण पकडले आणि निरोगींना बाजूला काढण्यात ती 93 टक्के अचूक ठरली. पावसाळ्यात आणि थंडीत बालरोगतज्ज्ञांच्या वॉर्डांत आरएसव्ही, फ्लू, एचएमपीव्ही अशा विषाणूंनी धापलेली मुले येतात, त्यांच्यापैकी अनेकांचे पुन्हा पुन्हा एक्स-रे काढले जातात. रडणाऱ्या बाळाला एक्स-रेसाठी धरून ठेवण्यापेक्षा आईच्या मांडीवरच त्याच्या पाठीवर प्रोब टेकवणे कितीतरी सुसह्य आहे. मेळघाटाच्या बालमृत्यूंवर दर पावसाळ्यात मथळे येतात, न्यायालयात सुनावण्या होतात. त्या चर्चांमध्ये या साधनाचाही विचार व्हायला हवा.

आणि इथे आपण चौथ्या आक्षेपापाशी, म्हणजे कायद्यापाशी येतो. सगळ्यात नाजूक आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर आक्षेप हाच आहे. भारतात सोनोग्राफीचे यंत्र हे इतर वैद्यकीय यंत्रांसारखे नाही, आणि ते तसे नसण्याला कारण आहे. गर्भलिंग तपासून मुली पाडण्याच्या धंद्याविरुद्ध मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी 1986 पासून लढा उभारला आणि 1988 मध्ये असा कायदा करणारे महाराष्ट्र देशातले पहिले राज्य ठरले. 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला, 2003 मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली 900 हून कमी होत्या, बीडमध्ये तर 810 हूनही कमी. त्यामुळे हा गर्भलिंगनिदानविरोधी, म्हणजेच पीसीपीएनडीटी, कायदा जाचक आहे, तो सैल करा, अशी ओरड वैद्यकीय संघटना करतात तेव्हा मी त्यांच्या बाजूने नाही. एप्रिल 2020 मध्ये केंद्राने कोविडच्या नावाखाली नोंदणीचे नूतनीकरण आणि मासिक-तिमाही अहवालांचे नियम काही काळ स्थगित केले, तेव्हा स्त्री-संघटनांनी त्याला विरोध केला, आणि तो रास्तच होता. सवलत नको तिथे दिली गेली. कागदपत्रे ढिली झाली, पण छातीवर प्रोब ठेवू इच्छिणाऱ्या डॉक्टरला त्यातून काहीच मिळाले नाही.

अडचण अशी की या कायद्याची सगळी रचना पोटाच्या तपासणीभोवती झालेली आहे. यंत्र नोंदवलेले हवे, ते कोणत्या जागेत वापरायचे तेही ठरलेले. पोर्टेबल यंत्र नोंदणी झालेल्या आवारातच, आंतररुग्णांसाठी, किंवा इतरही आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या पथकातच वापरता येते. साध्या एमबीबीएस डॉक्टरसाठी 2014 च्या नियमांनी सहा महिन्यांचे प्रशिक्षण ठरवले, आणि त्या अभ्यासक्रमाचा विषय आहे उदर आणि ओटीपोटाची सोनोग्राफी. म्हणजे ज्या डॉक्टरला न्यूमोनियाच्या रुग्णाची फक्त छाती पाहायची आहे, त्याच्यापुढे नियमांनी उघडलेला रस्ता गर्भाशय शिकण्याचा आहे, तोही सहा महिन्यांचा, जेव्हा कामाला पंचवीस तपासण्या पुरतात. हे उफराटे आहे. साठ वर्षांच्या पुरुषाच्या बगलेत प्रोब ठेवण्यात गर्भलिंगाचा प्रश्न येतच नाही, पण यंत्र तेच असल्यामुळे भीती तीच. मोठ्या शहरी रुग्णालयांत अतिदक्षता विभागातले तज्ज्ञ रीतसर नोंदणी करून हे काम करतातच. मागे राहतो तो उपजिल्हा रुग्णालयातला फिजिशियन, भूलतज्ज्ञ, वैद्यकीय अधिकारी. कज्जा नको म्हणून तो यंत्राला हातच लावत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

यातून वाट निघू शकते, आणि ती कायदा सैल करण्याची नसून त्यात एक अरुंद, चारी बाजूंनी कुंपण घातलेली वाट आखण्याची आहे. सुरुवात फक्त सरकारी रुग्णालयांपासून करावी. खासगी क्षेत्राला त्यात सध्या जागा नको, कारण गैरवापराचा बाजार तिथे आहे. यंत्र असे निवडावे की ज्याला एकच, उच्च वारंवारतेचा सरळ प्रोब कायमचा जोडलेला असेल आणि तो बदलता येणार नाही. असा प्रोब वरचे काही सेंटिमीटर फार स्वच्छ दाखवतो, फुफ्फुसावरण आणि बी-रेषांना तेवढे पुरते, आणि खोलवरच्या गर्भासाठी तो कुचकामी नसला तरी अडचणीचा असतो. किंमतही यात मोजावी लागेल, कारण खोलवर घट्ट झालेले फुफ्फुस या प्रोबला नीट दिसत नाही, त्यासाठी वक्र प्रोबच चांगला. मी ती किंमत मोजायला तयार आहे. यंत्राची नोंदणी कायम राहावी, ते वॉर्डाबाहेर जाऊ नये आणि प्रत्येक तपासणीचे चित्र आपोआप साठावे. तंत्रज्ञानाने तंत्रज्ञानावर नजर ठेवण्याचा अनुभव आपल्याला आहे. कोल्हापूर जिल्हा प्रशासनाने सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवायला लावले, डॉक्टरांच्या संघटनेने त्याला न्यायालयात आव्हान दिले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये प्रशासनाची बाजू उचलून धरली. छातीच्या यंत्रावर अशी नजर पहिल्या दिवसापासून असावी. कोणी म्हणेल, कुंपण कितीही घाला, चोर वाट काढतोच. काढेल. पण कायद्याला आजवर चकवणारे बहुतेक जण रीतसर पदव्या आणि नोंदणी असलेलेच निघाले, उपजिल्हा रुग्णालयाच्या ऑक्सिजन वॉर्डात बसलेले नव्हे. नियम केंद्राचे आहेत, त्यामुळे ते बदलणे राज्याच्या एकट्याच्या हातात नाही. पण हा कायदा देशाला ज्या राज्याने दिला, त्या राज्याने असा प्रस्ताव नेला तर त्याच्या हेतूवर शंका घेणे कोणालाही जड जाईल.

राहता राहिली ती मला स्वतःला वाटणारी धास्ती. एचआरसीटीच्या पंचवीसपैकी गुणांचे काय झाले ते आपण पाहिले. डॉक्टरांच्या कामाचा आकडा घरोघरी गेला, व्हॉट्सॲपवर फिरला, खाट आणि रेमडेसिविर मिळवण्याचा परवाना बनला. उद्या सोनोग्राफीच्या छत्तीसपैकी गुणांचेही तेच होऊ शकते, उलट जास्तच, कारण ही तपासणी स्वस्त आणि रोज करता येणारी आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर ‘लंग सोनो’चे बोर्ड लागतील, ताप आलेल्या प्रत्येकाला ‘एकदा करून घ्या’ सांगितले जाईल. हे टाळण्याचा मार्ग तपासणी नाकारण्यात नाही, ती कुठे आणि कोणासाठी करायची हे आधीच ठरवण्यात आहे. ऑक्सिजनची पातळी चांगली असलेल्या, दम न लागलेल्या, घरी चालत-फिरत असलेल्या माणसाला या तपासणीचा फायदा नाही. त्याच्या फुफ्फुसात दोन-चार बी-रेषा सापडल्याने उपचार बदलत नाही, फक्त काळजी वाढते. ही तपासणी दाखल झालेल्यांसाठी आहे. तिचा वेगळा छापील अहवाल नसावा आणि वेगळे बिलही नसावे. केसपेपरवर तापाच्या आणि ऑक्सिजनच्या नोंदीशेजारी तिलाही एक रकाना असावा, त्यात बारा जागांचे बारा छोटे आकडे, तारीख, आणि रुग्ण उताणा होता की पालथा याची खूण. बेरीज लिहिली नाही तरी चालेल. पुढच्या जागांचे कालचे आणि आजचे आकडे एकाखाली एक आले, की राउंड घेणाऱ्या डॉक्टरला ऑक्सिजन वाढवायचा, की जिल्ह्याला ॲम्ब्युलन्स सांगायची, हे ठरवता येते.